आधी आशय, मग डायलॉग

लूमखालचे धागे आम्ही रोज झाडतो. तालमीतले किस्से कोणी झाडत नाही, म्हणून ते साचतात. सुरतेत नवागामला आमचं नाटक मंडळ आहे. सगळे लूमवाले, एकटे दिग्दर्शक भामरे सर मराठीचे मास्तर. नाटकापेक्षा नाटकावरची समीक्षा वाचायची त्यांना फार हौस.

यंदाचं नाटक होतं लूम कामगाराच्या बायकोचं. पहिल्या दिवशी सरांनी स्क्रिप्टऐवजी त्या नाटकावरच्या समीक्षेच्या झेरॉक्स वाटल्या. नवऱ्याचं काम करणाऱ्या बापूने सगळी पानं उलटून पाहिली.

"सर, यात माझे डायलॉग कुठे आहेत?"

"आधी आशय, मग डायलॉग."

आठ दिवस आशयच चालला.

एका समीक्षकाने लिहिलं होतं, घराचं दार म्हणजे बंधन. सरांनी सेटचं दार खिळे ठोकून बंद करवलं. माझं काम लूमच्या मालकाचं, शेठचं; मला त्याच दारातून आत यायचं होतं. शेवटी खिडकीतून चढलो, धोतर अडकलं ते वेगळंच. दुसऱ्या लेखात निघालं, खिडकी म्हणजे आशा.

मी म्हटलं, "म्हणजे शोषण आशेतून आत येतं!"

मी थट्टा केली होती. सरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

एक समीक्षक म्हणतो, नवरा शोषक. दुसरा म्हणतो, तोच शोषित. सरांनी तोड काढली. पहिल्या अंकात शोषक, दुसऱ्या अंकात शोषित.

बापूने शांतपणे विचारलं, "आणि मधल्या चहाला मी कोण?"

बायकोचं काम सुनंदाताईंचं. मंडळातली सगळ्यात चांगली नटी, पण त्यांच्या खऱ्या नवऱ्याने, म्हणजे संजयभाऊंनी, बजावलं होतं की हे शेवटचं नाटक. त्या तालमीला यायच्या तेव्हा आम्हालाच वाईट वाटायचं. शेवटच्या प्रवेशात सरांनी त्यांना दोन मिनिटं गप्प उभं केलं, कारण मौन हाच नाटकातल्या बायकोचा विद्रोह.

ताई म्हणाल्या, "सर, घरमा मी दोन मिनिट चूप बसनू ते मना नवरा डाक्टरले बलाई."

प्रयोग सुरतेतच, पांडेसरा भागातल्या हॉलमध्ये झाला. पाहुणे म्हणून बाहेरगावचे एक मोठे समीक्षक बोलावले होते. बाकी हॉल लूमवाल्यांनी भरलेला. आता लूमच्या खडखडाटात कान कामाचे नसतात. आम्ही सगळे समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखतो. संजयभाऊ तिसऱ्या रांगेत बसले होते.

मौन सुरू झालं. ताई त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. आवाज नाही, फक्त ओठ हलत होते.

"पुढला नाटकमा बी मी काम करसू. तुम्ही नही म्हना तरी करसू."

सगळा हॉल वळून संजयभाऊंकडे बघायला लागला. ते कपाळ पुसत बसले. मग त्यांचेही ओठ हलले.

"कर. आते डायलॉग बोल."

नाटक संपल्यावर पाहुणे माईकवर आले. म्हणाले, "ती दोन मिनिटं अप्रतिम होती. फक्त इथल्या साध्या प्रेक्षकाला ते मौन कितपत कळलं असेल, याची मला शंका आहे."