मागचं आधी बघणाऱ्या आक्का

फोटो दाखवला की आक्का आधी त्यातली बाटली अंगठ्यानं झाकायच्या. मग उरलेलं नीट बघायच्या. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर भाजीच्या डागांनी काळा पडलेला अंगठा ठेवून म्हणायच्या, "बाटली काढली तरी फोटू भरलेलाच हाय की. मग ठेवलीस कशाला?"

मी भोरची. आधी लग्नांचे फोटो काढायचे, मग दुकानांतल्या वस्तूंचे काढू लागले. वेल्ह्याच्या बाजूला जांभळाची वाइन करणारा एक लहान कारखाना निघाला आणि त्यांच्या बाटल्यांच्या फोटोंचं काम मला मिळालं. पुण्यातल्या त्यांच्या ऑफिसला फोटोत गावाकडचं वातावरण हवं होतं. विंझरच्या पुढं, रस्त्यापासून जरा आत आक्कांचं घर होतं. मोठं अंगण, एका बाजूनं उघडा गोठा, मागं डोंगर. मी विचारलं तशा त्या म्हणाल्या, "काढ की. म्हशीला तेवढी भेवडवू नको."

पहिल्या दिवशी मी हौसेनं सगळं मांडलं. जातं, सूप, झेंडूची फुलं, पितळी तांब्या, मागं गवताची गंजी आणि मधोमध बाटली. आक्का भांडी घासून आल्या आणि हात पुसत उभ्या राहिल्या.

"ह्यो फोटू कशाचा हाय? जात्याचा का बाटलीचा?"

"बाटलीचा."

"मग जातं का पुढंपुढं करतंय?"

मला राग आला. मी पुण्यात जाऊन फोटोग्राफीचा कोर्स केला होता. पण संध्याकाळी घरी कॉम्प्युटरवर फोटो उघडले, तेव्हा खरंच जातंच दिसत होतं.

आक्कांनी तीस वर्षं भोरच्या बाजारात भाजी विकली होती. "गिऱ्हाईक चालतं आसतं. त्येला येकच गोष्ट दिसती. ती कंची, ते आपुन ठरवायचं," असं त्या सांगायच्या. वांगी त्यांनी निळ्या ताडपत्रीवर कधी मांडली नाहीत. ओल्या गोणपाटावर मांडायच्या, म्हणजे त्यांची चकाकी उठून दिसायची. टोमॅटोच्या शेजारी गाजर ठेवायचं नाही. ढीग टोपलीच्या काठापर्यंत पसरायचा नाही, कडेला जागा सोडायची. हे तुम्हाला कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं. "जो माल न खपता घरी माघारी आला, त्यानं," त्या म्हणाल्या.

काचेचंही त्यांना बरोबर कळायचं. "बाटली म्हंजी आरसाच. माझं वाळत घातल्यालं लुगडं तुझ्या दारूत बुडालंय बघ." मी म्हणायचे, "दारू नाही आक्का, वाइन." त्या म्हणायच्या, "व्हय, तीच ती." जांभळाचा रंग फोटोत नुसता काळा यायचा. माझ्याजवळचे दोन्ही दिवे लावून झाले, तरी काळाच. आक्का म्हणाल्या, "मध इकताना आमी बाटली उन्हाकडं धरतो. मागनं उजेड आला का माल दिसतो." त्यांनी बाटली उचलून गोठ्याच्या तोंडाशी आणली, पाठीमागून सकाळचं ऊन येईल अशी ठेवली आणि स्वतः समोरून, जरा बाजूला उभं राहून, उजेड उलटून बाटलीवर पडावा म्हणून एक जुनं पांढरं धोतर ताणून धरलं. बाटली आतून पेटल्यासारखी जांभळी झाली. तो फोटो ऑफिसला फार आवडला. पुढं दोन वर्षं मी दर हंगामाला तिथंच जात राहिले.

एकदा ऑफिसनं परदेशातला एक नमुना पाठवला. त्यात बाटली पेंढ्यावर आडवी होती. मीही आमची बाटली तशीच आडवी केली. आक्का एकदम हसल्या. "पोरी, आमच्याकडं आडवी बाटली म्हंजी दुकान बंद!"

मग त्यांनी सांगितलं. गावातलं दारूचं दुकान ठेवायचं का नाही, यावर काही वर्षांपूर्वी बायकांचं मतदान झालं होतं. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. आक्कांचे यजमान दारूनं गेले होते. आक्का घरोघर फिरल्या, बायका गोळा केल्या, भिंतींवर गेरूनं आडव्या बाटल्या स्वतःच्या हातानं काढल्या. दुकान बंद झालं.

दोन वर्षं मी या बाईंच्या अंगणात बाटल्या मांडत होते. "मग मला का येऊ दिलंत?" मी विचारलं.

"माझ्यासंगं मतदानाला ज्या बाया आल्या, त्याच आता जांभळं येचून कारखान्याला घालत्यात. मला पटत न्हाई. पर त्यांचं पोट काय मला इचारून चालतंय व्हय?" मग म्हणाल्या, "आन तू मांडतीस लई वाईट. बघवत न्हाई."

मी बाटली उभी केली आणि काम पुरं केलं. त्या दिवशीच्या एका फोटोत धोतर घडी करत जाणाऱ्या आक्का मागं आल्या होत्या. धूसर, पण केसांवर ऊन, हिरवं लुगडं, पुढं जांभळी बाटली. इतका चांगला फोटो माझ्या हातून त्याआधी निघाला नव्हता. मी आक्कांना न विचारता तो पाठवून दिला. तासाभरात ऑफिसचं उत्तर आलं : हाच घ्यायचा, पत्रकावर आणि वेबसाइटवर.

मी आनंदानं दाखवायला गेले. आक्कांनी कॅमेरा डोळ्यांजवळ धरला.

"ह्यात म्या कुठं हाय?"

"मागं."

"कशाच्या मागं?"

मी स्क्रीनवरच्या बाटलीवर बोट ठेवलं. मग म्हटलं, "चेहरा धूसर आहे आक्का. कुणी ओळखणार नाही."

"तू वळखलंस न्हवं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "माझ्या शब्दावर बाया घरातला मार खाऊन त्या मतदानाला आल्या. त्यांच्या मोबाईलात ह्ये आलं तर म्या काय त्वांड दाखवू? काढून टाक. हितंच, माझ्यासमोर."

मी तो फोटो त्यांच्यासमोर पुसला. तिथूनच ऑफिसला फोन लावला. साहेब म्हणाले, पत्रक छापायला गेलंय. मी म्हटलं, बाईंची परवानगी नाही आणि चूक माझी आहे, मी विचारलंच नव्हतं. दुसरा फोटो फुकट काढून देते, पण हा वापरू नका. बरंच बोलणं झालं. शेवटी त्यांनी छपाई थांबवली, फोटो पुसून टाकला आणि यापुढं दुसरा फोटोग्राफर बघतो म्हणून सांगितलं.

"काम गेलं?" आक्कांनी विचारलं.

"गेलं."

"जेवून जा."

त्या दिवशी वालाची आमटी होती. घरी जाऊन कॉम्प्युटरवरचाही फोटो मी काढून टाकला. पुढं बचत गटाच्या बायकांच्या तांदळाच्या पिशव्या आणि नाचणीचे पापड यांचे फोटो काढायला मी त्याच गोठ्यात जात राहिले. आक्का तशाच तोंड वाकडं करत राहिल्या आणि माझं काम सुधारत राहिलं.

गेल्या हिवाळ्यात आक्का वारल्या. आठ दिवसांचं दुखणं झालं. मला कळायला उशीर झाला. त्यांच्या मुलाचा फोन आला, "ताई, आईचा येखादा चांगला फोटू आसंल ना? तुमी यवढे फोटू काढले हितं."

मी दोन दिवस शोधलं. बाटल्यांचे शेकडो फोटो होते. एका फोटोच्या कडेला धोतर धरलेली दोन बोटं सापडली, बाकी आक्का कुठंच नव्हत्या. शेवटी मुलगा त्यांचं आधार कार्ड घेऊन भोरला आला. त्यावरचा फोटो मी मोठा केला, जमेल तेवढा साफ केला. तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला होता.

"मागं गड टाका की," तो म्हणाला. "न्हाईतर ढग तरी. लई मोकळं दिसतंय."

"राहू दे मोकळंच," मी म्हणाले.

त्यानं खुर्ची जरा मागं सरकवून फोटो लांबून बघितला.

"व्हय," तो म्हणाला. "ऱ्हाऊ द्या."