वहिनीबरोबर बाल्टिकच्या काठाला

लात्व्हियाच्या किनाऱ्यावर कोणी फिरायला निघालं की मला विचारतात, काय काय न्यायचं. मी सांगते, उन्हाळ्यात जा, तरी वारा अडवणारं जाकीट घ्या. खेड्यापाड्यांत बस दिवसातून एखाद-दुसरीच असते; उतरतानाच परतीची वेळ विचारून घ्या. दुकान लवकर बंद होतं, खायचं जवळ ठेवा. आम्ही नणंद-भावजया तिथे कशाला गेलो होतो, ते मात्र सांगत नाही.

माझा थोरला भाऊ लालबागला गिरणीत बदली कामगार होता. संप चिघळला, त्याची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. वहिनी लोकांचे डबे करायची. शेवटी दादा ओळखीने मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लागला आणि दुसऱ्याच फेरीत, बाल्टिक समुद्रातल्या वादळात, डेकवरून वाहून गेला. प्रेत एका कोळ्यांच्या गावाला लागलं, तिथल्या लोकांनी पुरलं, एवढंच बोटवाल्यांनी कळवलं. तेव्हा तो मुलूख रशियात होता. आमच्यासारख्यांनी तिथवर जायचं कसं? भटजींनी दर्भाचा पुतळा करायला लावला, त्याचंच दहन केलं. वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "गवत जळलं गो. माणूस कुठाय?"

पुढची कित्येक वर्षं तिने तो विषय काढला नाही. मुलगा चांगला मिळवता झाल्यावर तिने एकच मागितलं, "मला तिथे ने." त्याला रजा मिळेना, म्हणून मी निघाले. मी नुकतीच दादरच्या शाळेतून निवृत्त झाले होते.

दादाबरोबर बोटीवर असलेले एक ख्रिस्ती गृहस्थ गिरगावात राहायचे. गावाचं नाव त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांना भेटायला गेलो.

"ऊन बघून फसू नका," ते म्हणाले. "आणि गवतात गोचीड असते, चावली तर माणूस आजारी पडतो. पँट घाला, मोज्यात खोचा."

"मी पँट घालू?" वहिनी म्हणाली.

"घाल, बाई," मी म्हटलं. "तिथे कोण बघतंय तुला?"

सुनेची पँट घालून, वर कुडता चढवून ती त्या गावात उतरली. माणसं कमी बोलणारी. आमच्याकडे बघून कोणी हसलं नाही, पण बॅगा मात्र आम्ही न सांगताच उचलल्या. समुद्र उथळ, कितीही चाला, पाणी गुडघ्याच्या वर येत नव्हतं. मालवणकडची वहिनी वाकली, ओंजळीतलं पाणी चाखलं. "हा कसला समुद्र? खारटपण नाही नीट." तिचा चेहरा उतरला होता.

आम्ही उतरलो होतो त्या घरची म्हातारी आम्हाला दफनभूमीत घेऊन गेली. तिची भाची इंग्रजीत सांगत होती. पाइनच्या झाडांखाली, फणीने विंचरल्यासारख्या वाळूत, नाव नसलेले दोन लाकडी क्रूस होते.

"दोन कसे?" मी विचारलं.

"त्या हिवाळ्यात समुद्राने दोघांना आणून टाकलं," भाचीने सांगितलं. "फार दिवस पाण्यात होते. कोण कुठला, ओळखण्यासारखं राहिलं नव्हतं. मावशी दोघांचीही वाळू साफ ठेवते."

मी ते वहिनीला सांगितलं. तिला पटेना. "पुन्हा विचार. काहीतरी खूण असेल. उंची? हातावर गोंदलेलं?" मी पुन्हा विचारलं. म्हातारीने नकारार्थी मान हलवली.

"ह्यातलो आपलो खयचो?" वहिनी मोठ्याने म्हणाली, अगदी माहेरच्या बोलीत.

तिने पिशवीतून तुळशीतली माती काढली, निम्मी इकडे टाकली, निम्मी तिकडे. मग दोन्हींच्या मध्ये वाळूत बसली. मी हाताला धरलं तरी उठेना. म्हातारी तिच्या शेजारी बसली.

मुंबईला परतल्यावर विमानतळावरच मुलाने विचारलं, "बाबांची जागा सापडली?"

"सापडली," ती म्हणाली.

घरी आल्यावर मला बाजूला घेऊन तिने सांगितलं, "त्याला कळू देऊ नको. निदान त्याला तरी खात्री असू दे."

तेव्हापासून पितृपंधरवड्यात ती दोन पानं मांडते. दुसरं कोणाचं, असं मुलगा दरवर्षी विचारतो. ती म्हणते, "भात निवतोय, वाढ आधी."