अर्विडच्या चमूतली पुजारीण

अर्विड टोलेफसन आमच्याकडे कामाला आले ते चौऱ्याहत्तराव्या वर्षी, चौकटींच्या कागदांची जाडजूड फाइल काखोटीला मारून. मिनेसोटातल्या डुलुथच्या रेल्वेत सिग्नल सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. आम्ही तिघं एका बंद पडलेल्या बुटांच्या दुकानावरच्या खोलीत जुन्या धर्तीचा गेम बनवत होतो: सहा जणांचा चमू, जमिनीखालची भुयारं, पाळीपाळीने लढाई, आणि नकाशा खेळणाऱ्याने स्वतःच्या हाताने काढायचा. चाळीस वर्षांपूर्वीचे असे गेम लोकांना पुन्हा हवेसे झाले होते. पंचविशीतली पोरंही पेन्सिलीला टोक करून बसायला तयार होती. पण त्यातल्या चुका हुडकायला जुनंच खोड हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझी लाज काढली. "ब्रिटा, चौथ्या मजल्यावरची भिंत तू कागदावर बांधलीस आणि गेममध्ये विसरलीस. मी कामावर असा वागलो असतो ना, तर निम्मं मिनेसोटा गाडीखाली आलं असतं."

मी मुकाट्याने भिंत बांधली.

मग एक दिवस त्यांनी खिशातून जुनी डिस्क काढली. जुन्या गेममधली माणसं आमच्या गेममध्ये आणता येत, ही त्या काळचीच रीत आम्ही जपली होती. आणि रीतीप्रमाणे, इकडे आलेलं माणूस जुन्या डिस्कवरून पुसलं जाई. डिस्कवर त्यांचा आणि लोइसचा चमू होता. लोइस म्हणजे त्यांची बायको, तीन वर्षांपूर्वी गेलेली. तळघरात शेगडीजवळ बसून दोघांनी कित्येक हिवाळे खेळून काढले होते. चमूतल्या पुजारणीला तिने स्वतःचंच नाव दिलं होतं. "या घरात देवाचं नाव घेते कोण? मीच ना!" असं म्हणे.

ती पुजारीण एकोणनव्वद साली एका लढाईत मेली. मेलेल्याला मंदिरात न्यायचं. नशीब असेल तर उठतो, नसेल तर राख होते. राखेलाही एक संधी असते, तशीच निम्मी-निम्मी. तीही हुकली, तर नाव डिस्कवरून कायमचं जातं. हुशार लोक डिस्कची दुसरी प्रत कपाटात ठेवत. लोइसला ते पटत नसे. मग मरणाला मरण कशाला म्हणायचं, असं तिचं मत. तिची पुजारीण राख झाली, आणि पुढे जायची दोघांनाही हिंमत झाली नाही.

"आता नेतो तिला मंदिरात," अर्विड म्हणाले.

"कशाला जीव टांगणीला लावता? प्रोग्रामच्या एका ओळीचं काम आहे, मीच उठवून देते."

"हात लावायचा नाही, पोरी. व्हायचं ते होईल."

ते घरी गेल्यावर मी हात लावलाच. मंदिर कधीच हुकणार नाही असं करून ठेवलं. मला वाटलं, मी पुण्य करतेय.

दुसऱ्या दिवशी लोइस उठली. अर्विडनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आली," एवढंच म्हणाले. पुढचे तीन आठवडे ते पडद्याशी बोलत होते. "मागे राहा गं, तुला मेलीला फार घाई!" एकदा घरून रुबार्बच्या आंबटगोड वड्या भाजून आणल्या. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

मग माझ्या टेबलावर त्यांचा कागद आला. 'मंदिर. बावीस मेलेले नेले, बावीसही उठले. निम्मेच उठायला हवेत. दुरुस्त करावे.'

मी तोंड पाडून त्यांच्यापुढे उभी राहिले. "कधी कळलं?"

"दहाव्याला. पुढचे बारा मुद्दाम रेंगाळत नेले. तेवढंच तिच्याबरोबर फिरणं झालं."

"मग असू द्या ना तिला! कुणाचं काय जातंय?"

"ही तू दिलेली आहे, ब्रिटा. माझ्याकडे राख होती. ती मला परत दे."

मला रडू फुटलं, आणि त्यांचा रागही आला. काय मिळवणार होता हा म्हातारा खरेपणातून? तरी मी ती ओळ काढली, आणि लोइसच्या नावापुढे माझ्याच हाताने पुन्हा 'राख' लिहिलं.

"जवळ बस," ते म्हणाले. "एकट्याने धीर होत नाही."

मी खुर्ची ओढली. त्यांनी चमू मंदिरात नेला आणि कळ दाबली. पडद्यावर पुजाऱ्यांचं पुटपुटणं चाललं, थांबलं. मग यादी आली. पाच नावं होती. सहावी ओळ कोरी.

मला वर बघवेना. अर्विडनी बराच वेळ त्या ओळीवर बोट टेकवून ठेवलं.

"मंदिर आता बरोबर चालतंय," ते म्हणाले.