मावसाजींचं बहुमत

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात लोकशाहीला इतका जीव लावणारा आणि लोकशाहीनं इतका छळलेला माणूस माझ्या मावसाजींशिवाय दुसरा झाला नसेल. कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवत, तेही येरझारा घालत. पहिल्या बाकावरच्या पोरांच्या माना दुखत. जात मन वळवून जाईल की कायद्यानं, यावर अर्धा तास एका बाजूनं तावातावानं बोलत आणि उरलेल्या तासात स्वतःलाच खोडून काढत. घंटा झाली की निकाल ठरलेला, "बहुमताले विचारा." बोरी अरबच्या घरीही हाच कारभार. भाजी वांग्याची की मेथीची, सगळ्याला हात वर. एकदा पाहुण्यांनी राहावं की जावं यावरही मतदान झालं, पाहुण्यांसमोरच. आम्ही राहिलो, पण थोडक्यात.

ज्या साली बोंडअळीनं अर्धा कापूस खाल्ला आणि उरलेल्याला भाव नव्हता, त्या दिवाळीत मी त्यांच्या शेतावर होतो. वेचणीच्या बाया दुपारी जेवायला बसत त्या जातीजातीनं. गावातल्या त्या कडुनिंबाखाली, तांड्यावरच्या त्या चिंचेखाली आणि बौद्धपुऱ्यातल्या यमुनाबाई एकट्याच बाभळीखाली, जिथं सावलीपेक्षा काटे जास्त. मावसाजींच्या ते जिव्हारी लागलं. सगळ्यांनी एका झाडाखाली जेवावं म्हणून त्यांनी भाषण ठोकलं आणि सवयीनं मत घेतलं. बहुतेक हात वेगळं बसण्याच्या बाजूनं वर गेले. जातीला रीतसर मंजुरी मिळाली, आणि अध्यक्षस्थानी होते मावसाजी.

संध्याकाळी अंगणात नुसत्या येरझारा. मावशी भाकरी थापता थापता म्हणाली, "ज्याईनं तिले वेगळं बसवलं, त्याईलेच विचारलं तुम्ही. मंग दुसरं काय होईन?"

"मंग काय हुकूम सोडू? हुकमानं मन बदलते काय कोणाचं?"

"तुमचं तं बदललं आहे ना? मंग तुम्ही कुठं जेवता?"

मावसाजी शेतातल्या खोपडीत, बाजेवर, एकटे जेवत. ते जागच्या जागी थांबले. त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन बाभळीखाली गेले. यमुनाबाई आधी उठून उभ्या राहिल्या, मग त्यांच्याकडे नीट पाहत म्हणाल्या, "बसा सर. पण उद्याबी येसान, का आजच्यापुरतंच?"

"उद्याबी येतो."

वेचणी संपेपर्यंत ते रोज गेले. काटे टोचले, पण चुळबुळ केली नाही. कडुनिंबाखालची एक म्हातारी शेवटी शेवटी चटणी घेऊन येऊन बसायची. बाकी कोणी आलं नाही. मला त्या बायांचा राग येई. मावसाजींना येत नसे, त्याचाही राग येई.

पुढं कापूस परवडेना म्हणून त्यांनी सोयाबीन पेरलं. वेचणी बंद, बाया बंद. यमुनाबाई मुलाकडे वणीला गेल्या. परवा मी गेलो तर दुपार होताच मावसाजी डबा घेऊन शेताच्या कडेला, धुऱ्यावरच्या त्याच बाभळीकडे निघाले. आता काठी टेकत चालतात.

"तिथं आता कोण असतं?" मी म्हटलं.

"कोणी नाही. पण उद्याबी येतो म्हटलं होतं ना मी."

यावर त्यांनी माझं मत विचारलं नाही. मी माझा डबा उचलला आणि त्यांच्या मागं गेलो.