बसून प्यायची कॉफी

मेटगळ्ळीच्या कारखान्यांकडे वळायच्या आधी कॉफीची एक टपरी लागते. रोज सकाळी मी तिथं सायकल थांबवतो, पण उतरत नाही. एकदा उतरलं की पुन्हा चढायचं जिवावर येतं. येलवालहून सायकलनं येणारे, साठीला टेकलेले एक गृहस्थही तसेच थांबायचे. एक पाय पेडलवर, एक कट्ट्यावर, आणि मोकळा हात गुडघा दाबत. अख्खी कॉफी प्यायला दोघांनाही वेळ नसायचा, म्हणून आम्ही मिळून 'बाय-टू' सांगायचो. एकच कॉफी, दोन ग्लासांत अर्धी अर्धी. चार वर्षं हे चाललं, पण नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी, बोलण्यात मात्र निम्मं कन्नड. एकदा म्हणाले, "फुल कॉफी बसून प्यायची, नोडी सार, बघा. मी रिटायर झाल्यावर पिणार."

परवा ते इस्त्रीचा शर्ट घालून चालत आले. आदल्याच दिवशी निवृत्त झाले होते. बाकावर बसून त्यांनी फुल कॉफी मागवली आणि ग्लास हातात धरून नुसते वाफेकडे बघत राहिले. मग उठले. नेहमीसारखा एक पाय कट्ट्यावर टेकवला, रिकामा ग्लास मागून घेतला आणि निम्मी कॉफी त्यात ओतली.

"बसून घशाखाली उतरंना, सार," ग्लास माझ्यापुढे धरत ते म्हणाले. "घ्या की."

मी घेतली. सायकलवरून न उतरता.