सोलार लावला, बॅटरीचं बघू!

दूध तापवायला ठेवलं की साय येतेच, आणि आमच्या सोसायटीत मीटिंग ठेवली की किस्सा जमतोच. बायकोला म्हटलं, आता एवढी साय जमलीय की तूप कढवायला घेऊ या. ती म्हणाली, "कढवा, पण भांडं करपवू नका. तुमचं डोकं हल्ली लवकर तापतं." खरं आहे. आजवर या लोकांच्या खोड्या काढल्या त्या मजेसाठी. यावेळच्या रागाने काढल्या. तुम्हाला हसू आलं तर हसा, माझी हरकत नाही.

आमची बिल्डिंग नाहूरला. आधी चाळ होती, आता सात मजले आहेत. बिल्डरने लिफ्ट खरोखरची दिली, जनरेटर मात्र नुसता नकाशात दिला! मी चौथी पास, तेही मास्तर मला कंटाळले म्हणून. विक्रोळीच्या कारखान्यात पत्र्यांना रंग मारता मारता रिटायर झालो. पाचव्या मजल्यावर माझा दोस्त सावंत, मालवणचा. त्याची बायको म्हणजे आमच्या सुलभावहिनी. त्यांची फुप्फुसं दमलीत. दिवसभर नाकात नळी आणि बाजूला ऑक्सिजनचं मशीन. मशीन चालतं लाईटवर. लाईट गेली की घरचा इन्व्हर्टर जरा धडपडतो आणि मान टाकतो. मग सावंत सिलिंडर जोडतो. तो संपत आला की दुसरा वर न्यायला लिफ्ट पाहिजे, आणि लिफ्टही लाईटवरच! हे सोसायटीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. विसरतात ती फक्त मोठी माणसं.

*

गच्चीवर सोलार बसला त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले. सेक्रेटरी कर्णिक बँकेतून रिटायर झालेले, त्यांना भाषण केल्याशिवाय जेवण पचत नाही. म्हणाले, "आता शेजारच्या बिल्डिंगा अंधारात बसतील आणि आपण त्यांच्याकडे बघत बसू!" टाळ्या. सावंतने सगळ्यात जोरात वाजवल्या. मला म्हणाला, "दादू, सुटलो रे बाबा!"

मग एका टळटळीत दुपारी लाईट गेली. डोक्यावर ऊन असं की चप्पल वितळावी. आणि सोलार? तोही बंद! पंखे बंद, लिफ्ट बंद, वहिनींचं मशीन इन्व्हर्टरच्या भरवशावर. सगळे गच्चीवर जाऊन एकदा पॅनलकडे बघतात, एकदा सूर्याकडे. जणू त्यानेच बिल भरलं नाही!

कर्णिकांनी सोलारवाल्याला फोन लावला. तो थंडपणे म्हणाला, "साहेब, बाहेरची लाईट गेली की आपला सोलार आपोआप बंद होतो. नाहीतर आपला करंट बाहेरच्या तारेत जाऊन काम करणाऱ्या लाईनमनला बसेल ना! लाईट गेल्यावरही चालायला हवा असेल तर बॅटरी लावावी लागते. मी तेव्हाच बोललो होतो."

"तेव्हा" म्हणजे कधी? तर कर्णिक पेढ्यांची ऑर्डर देत होते तेव्हा!

मी म्हटलं, "झकास! म्हणजे आपला सूर्यही सरकारी नोकर निघाला. ऑफिस बंद की हाही घरी!" सगळे खो खो हसले. सावंत हसला नाही. तो केव्हाच खाली सिलिंडर जोडायला धावला होता. माझा जोक तिथेच टाकून मीही त्याच्यामागे जिना उतरलो.

*

मग मीटिंग. फळ्यावर नोटीस लागली, "सोसायटीसाठी बॅटरी घेण्याबाबत चर्चा."

दुसऱ्या मजल्यावरचे नाना परांजपे म्हणजे बिल्डिंगमधलं सगळ्यात जुनं माणूस. त्यांनी मीटिंग सुरू व्हायच्या आतच हात वर केला. "एका बॅटरीसाठी एवढी माणसं कशाला जमवलीत? माझ्याकडे दोन आहेत. एक तर तीन सेलची आहे, प्रकाश थेट स्टेशनपर्यंत जातो!" आणि कुणी अडवायच्या आत घरी जाऊन टॉर्च घेऊन आले. पेटवली ती नेमकी खजिनदार म्हात्रेंच्या तोंडावर.

आता म्हात्रेंचा चष्मा असा जाड की शाळेपासून त्यांना सगळे बॅटरीच म्हणतात. मला राहवलं नाही. "नाना, विकत कशाला घ्यायची? आपली बॅटरी खुर्चीवरच बसलीय की!"

म्हात्रे भडकले. आणि भडकलेला माणूस पोटातलं बोलतो. म्हणाले, "हसा! पण मी स्पष्ट सांगतो. बॅटरी कुणासाठी? एका घरासाठी. सावंतांची अडचण ही सावंतांची पर्सनल अडचण आहे. सोसायटीने त्यात का पडावं?"

सावंत कोपऱ्यात बसला होता, फोन हातात. घरून कधीही बोलावणं येईल म्हणून तो फोन खिशात ठेवत नाही. त्याने मान खाली घातली. आणि एवढ्या माणसांत एकालाही म्हात्रेंना गप्प करावंसं वाटलं नाही. नानांची टॉर्च तेवढी चालू राहिली होती, छताकडे तोंड करून.

*

पुढच्या मीटिंगला प्रश्न आला, बॅटरी ठेवायची कुठे? गच्चीवर नको, तिथे पापड वाळतात. जिन्याखाली नको, तिथे चपला असतात. एका काकूंनी आग्नेय दिशा सुचवली. आग्नेयेला बघितलं तर कचऱ्याचे डबे!

तळमजल्यावरचा गायकवाड उभा राहिला. "माझ्या खिडकीजवळ तर अजिबात नको. मोबाईलवर व्हिडिओ बघितलाय मी. ही बॅटरी फुटते! माझी लेकरं आहेत घरात."

हाच गायकवाड रोज बेडरूमच्या खिडकीतून वायर सोडून आपली इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज करतो! लेकरांच्या उशापासून हातभर लांब! मी म्हटलं, "अरे, तिच्यात काय खोबरेल तेल घातलंयस काय रे?" तर म्हणतो, "दादूकाका, ती कंपनीची आहे."

घरी जाऊन जुना ब्रश काढला. पत्र्यावर झकास कवटी रंगवली, खाली दोन हाडं, आणि लाल अक्षरात, "सावधान! फुटते!" सकाळी गायकवाड उठायच्या आधी स्कूटरवर टांगून आलो. दूधवाला गेटवरूनच परत गेला. पेपरवाल्याने पेपर लांबून फेकला तो गटारात पडला. गायकवाड बोंबलत माझ्या दारात. "काका, कुठेही काहीही फुटत नाही हो! सगळी सेफ्टी असते तिच्यात!"

"हेच," मी म्हटलं, "जरा मीटिंगमध्ये बोल ना!"

बोलला? नाव नको!

*

त्याच आठवड्यात पुन्हा लाईट गेली. संपत आलेल्या सिलिंडरच्या बदली दुसरा सावंतने गेटपर्यंत मागवला होता, आणि लिफ्ट बंद. सावंत पुढे, मी मागे, मध्ये सिलिंडर. दोघांचं वय मिळवलं तर इतिहासाच्या पुस्तकात धडा येईल. दुसरा मजला चढलो आणि दम खायला थांबलो, तर लिफ्टच्या आतून दार बडवल्याचा आवाज.

"कोण आहे? मी म्हात्रे! अडकलोय! वारा येत नाही, मला गुदमरतंय!"

सावंत बिचारा लगेच म्हणाला, "घाबरू नका, वॉचमन मशीनरूमकडे गेलाय, हाताने खाली आणतो लिफ्ट."

मी दाराच्या फटीला तोंड लावलं. "म्हात्रे, गुदमरतंय?"

"हो रे दादू, खूप!"

"अरेरे! फार वाईट वाटलं. पण काय आहे ना, ही तुमची पर्सनल अडचण आहे."

आम्ही सिलिंडर उचलला आणि पुढचे मजले चढलो. सावंत मला रागावला, "असा बोलू नये रे." मी म्हटलं, "तू सज्जन राहा. कुणीतरी एकाने वाईट असायला पाहिजे ना!"

वाटलं, आता तरी म्हात्रे बदलतील. बदलले! दुसऱ्या दिवसापासून लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागले.

*

मग कर्णिकांनी अमेरिकेतल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर आणलं. मुलगा तिकडे सकाळचा कॉफीचा मग घेऊन बसलेला. म्हणाला, "टेक्नॉलॉजी बदलतेय. किमती उतरतील. दोन वर्षं थांबा." झालं! अमेरिका बोलली! सगळ्या माना एकसाथ हलल्या. "थांबू या." "थांबलेलं बरं." "घाई कशाला?"

मी उभा राहिलो. यावेळी जोक आलाच नाही तोंडात. म्हटलं, "वर जाऊन वहिनींना सांगा मग. म्हणावं, दोन वर्षं श्वास घेऊ नका, टेक्नॉलॉजी बदलतेय!"

कर्णिक म्हणाले, "दादू, इमोशनल होऊन निर्णय होत नसतात."

*

आणि ही शेवटची मीटिंग. आज बॅटरीला होय की नाही, एकदाच काय ते मत घ्यायचं. तळमजल्यावर सोसायटीचं ऑफिस. खोली केवढी, तर बसलेल्या माणसाने पाय पसरले की समोरच्याला लागावे. भिंतीला प्लगचा पॉईंट एकच. कर्णिकांनी नवा माईक आणला होता, स्पीकरसकट. तो त्या पॉईंटला लावलेला. "हॅलो, हॅलो, सन्माननीय सभासद..."

तेवढ्यात दार उघडलं. सुलभावहिनी! नवी साडी, केसात अबोली, नाकात नळी, हातात छोटा सिलिंडर. मागून सावंत, आणि त्याच्या मागून मी, चाकाचं मशीन ढकलत. आम्हाला वहिनींनीच कामाला लावलं होतं. आधी कुणालाही काही सांगायचं नाही, अशी ताकीद.

वहिनींनी भिंतीकडे बघितलं. मग कर्णिकांकडे.

"पॉईंट एकच आसा," त्या म्हणाल्या. "आता काय ता ठरवा. तुमचो भोंगो लावतास काय माका?"

कर्णिकांनी माईकची पिन काढली. मी मशीनची लावली. मशीन घुर्र घुर्र करायला लागलं. सिलिंडर बंद झाला, नळी मशीनला जोडली. कर्णिकांनी घसा खाकरला, "तर... बॅटरीच्या बाजूने ज्यांचं मत आहे त्यांनी हात..."

"हात कित्याक?" वहिनी म्हणाल्या. धाप लागत होती, म्हणून एकेक शब्द थांबून आला. "ज्येंका बॅटरी नको आसा, तेंनी हयसर येवचा... आणि माझी पिन काढूची."

म्हात्रेंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. गायकवाड छताकडे बघत होता. घुर्र, घुर्र. पिन काढायला एकही माणूस खुर्चीवरून उठला नाही.

शेवटी कर्णिक हळूच म्हणाले, "म्हणजे मग... मंजूर धरायचं का?"

"धरू नकात," वहिनी म्हणाल्या. "लिवा!"