आधी संत्र, मग नाव

“आधी संत्र, मंग नाव,” म्हणत ती बाई पोराच्या हातात संत्र ठेवायची आणि मुद्दाम दुसरीकडे पाहायची.

पांढुर्णा स्टेशनावर माझी संत्र्यांची हातगाडी लागते. घरून पळालेली पोरं-पोरी उतरली की त्यांचं काय होते, हे तुम्हीही कधी पाहिलं असेल. ती बाई होती तोवर ही पोरं तिच्याकडे जायची. सरकारच्या पैशावर चालणारं काम होतं ते. फलाटावर एक टेबल, मागे चार खाटांची खोली, आणि ही रामाकोना गावची बाई.

पोर संत्र कसं खाते, त्यावरून ती त्याला ओळखायची. एका पोरीनं अर्ध्या फोडी ओढणीच्या टोकाला बांधल्या, तशी बाई उठली आणि पाण्याच्या टाकीमागून तिच्या लहान बहिणीला घेऊन आली. नाव मात्र तिसऱ्या दिवशी विचारलं. “पळून आलेल्याले नावाचंच भेव असते, बाबा.” मी नरम संत्र दिलं तर परत करायची. “हे गिऱ्हाइकाले द्या. माह्या पोट्ट्यायले चांगलं पाहिजे.”

मग जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले. बाई एका आजारी पोरीला घेऊन दवाखान्यात गेली होती. रजिस्टरात नावाचे रकाने जागोजागी कोरे. नाव नाही म्हणजे पोर नाही, साहेब म्हणाले. साक्षीला मला बोलावलं. वाचा आणि सही करा. मी दुसरी शिकलेला, सहीपुरता. पण चार लोकांत तसं सांगीन तर मी कसला? ओळींवरून बोट फिरवलं, मान हलवली, झोकात सही ठोकली.

कागदात लिहिलं होतं, इथं अशी पोरं आलेली मी कधी पाहिलीच नाहीत.

पैसा बंद झाला, खोलीला कुलूप लागलं. बाईनंच मला तो कागद वाचून दाखवला. “तुमाले वाचता येत नाही हे मले माहीत होतं, बाबा. सांगून द्याचं होतं ना.” शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती गावी निघून गेली.

मी सावरगावचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याशी दगडांनी खेळतो त्या गोटमारीत कपाळ फुटलं तरी मागे सरलो नाही, तर साहेबाला सोडीन? ते एकदा संत्री घ्यायला आले. मी म्हणालो, “आधी नाव सांगा. बापाचं सांगा. घरून काहून निघाले तेही सांगा. मंग संत्र.” रिकाम्या हातानं गेले.

तेवढ्यानं माझं पोट भरलं नाही. आता दर मंगळवारी कलेक्टर लोकांच्या तक्रारी ऐकतात, त्या जनसुनवाईत जातो. नातीकडून अर्ज लिहून घेतला आहे : माझी साक्ष खोटी होती, काम पुन्हा चालू करा. तेच साहेब म्हणतात, ठेवून जा. मी भरल्या हॉलात सांगतो, “मले वाचता येत नाही साहेब. तुमीच वाचा, मोठ्यानं.” कलेक्टरसमोर त्यांना वाचावं लागते. जन्मभर लपवलेलं आता दर आठवड्याला सांगून राहिलो.

परवा एक पोरगी उतरली, बाकावर बसली. मी संत्र दिलं. ती सोलू लागली. माझ्या तोंडून निघून गेलं, “नाव काय वं तुवं?” ती उठली आणि सुटत्या गाडीत चढली.

अर्धं सोललेलं संत्र बाकावर राहिलं. मी ते जपून ठेवलं आहे. मंगळवारी साहेबाच्या टेबलावर ठेवीन, आणि दुसरीकडे पाहणार नाही.